कात्सुशिका होकुसाई

कात्सुशिका होकुसाई (जन्म : इ.स. १७६०, एदो, जपान, मृत्यू : १० मे १८४९, एदो) हे जपानमधील एदो कालखंडातील चित्रकार, ठसाचित्रकार आणि ग्रंथचित्रकार होते. एदो म्हणजे आजचे टोकियो शहर. कानागावाच्या समुद्रातील महालाटेच्या चित्रामुळे त्यांचे नाव जगभर पोहोचले. त्यांच्या हयातीत मात्र जपानमधील कारागीर, हौशी मंडळी आणि दूरच्या गावांतील विद्यार्थी त्यांना मुख्यतः चित्रकला शिकवणाऱ्या पुस्तकांचे कर्ते म्हणून ओळखत. धावणारा, ओझे उचलणारा, नाचणारा, जांभई देणारा माणूस कागदावर निर्जीव बाहुली न वाटता जिवंत कसा वाटेल, हा प्रश्न त्यांनी सुमारे सत्तर वर्षे सोडला नाही. त्याचे जे उत्तर त्यांना थोडेथोडे सापडत गेले, ते त्यांनी छापून इतरांच्या हाती दिले.

== बालपण आणि कोरकामाची उमेदवारी ==

होकुसाई यांचा जन्म एदोच्या पूर्वेस, सुमिदा नदीपलीकडील होन्जो भागात झाला. हा भाग कात्सुशिका परगण्यात मोडत असल्याने पुढे त्यांनी ते नाव आपल्या नावामागे लावले. बालपणी त्यांना तोकितारो म्हणत, नंतर तेत्सुझो. नाकाजिमा इसे नावाच्या, शोगुनच्या दरबारासाठी आरसे घडवणाऱ्या कारागिराच्या घरात ते वाढले. त्या काळी जपानी आरसे काचेचे नसून घासून चकचकीत केलेल्या धातूचे असत. या घराण्याचा वारसा मात्र त्यांच्याकडे आला नाही. वयाच्या सहाव्या वर्षापासून आपल्याला वस्तूंचे आकार काढण्याचा नाद लागला, असे त्यांनी उतारवयात लिहून ठेवले आहे.

किशोरवयात त्यांनी पुस्तके भाड्याने देणाऱ्या दुकानात काम केले. एदोतील लोकांना वाचनाचे वेड होते आणि बहुतेक पुस्तके सचित्र असत, त्यामुळे मुलाच्या हातून रोज शेकडो चित्रे जात असणार. चौदाव्या वर्षाच्या सुमारास ते लाकडी ठसे कोरणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीला लागले.

या उमेदवारीचे महत्त्व चरित्रग्रंथांत बऱ्याचदा एका ओळीत उरकले जाते, तसे ते नाही. ठसाचित्रासाठी चित्रकार पातळ कागदावर शाईने रेखाटन करीत असे. कोरक्या तो कागद चेरीच्या लाकडाच्या फळीवर उलटा चिकटवून रेषेच्या दोन्ही बाजूंचे लाकूड काढून टाकी. रेषा उंचवट्याच्या रूपाने उरे आणि मूळ रेखाटन त्यात नष्ट होई. रेषा चाचरती असेल तर तो चाचरेपणा लाकडात कायमचा उतरे. रेषा कोठे जाड होते, कोठे निमुळती होऊन थांबते आणि तेवढ्यानेच गुडघा वाकल्याचा किंवा मनगट वळल्याचा भास कसा होतो, हे या मुलाने आधी सुरीने शिकून घेतले. कुंचला नंतर आला.

== नटांची चित्रे ==

इ.स. १७७८ मध्ये ते कात्सुकावा शुन्शो या प्रख्यात चित्रकाराच्या चित्रशाळेत दाखल झाले आणि पुढील वर्षापासून शुन्रो या नावाने त्यांची चित्रे छापली जाऊ लागली. शुन्शो यांची ख्याती काबुकी नाटकांतील नटांच्या चित्रांसाठी होती.

काबुकीत नाट्य शिगेला पोहोचले की नट एका ठाम पवित्र्यात क्षणभर गोठतो. याला 'मिए' म्हणतात. रंगमंचाच्या कडेला बसलेला साहाय्यक लाकडी फळीवर ठोके देतो, नट मान झटकतो, डोळे वटारतो, हातापायांची बोटे ताणतो आणि प्रेक्षागृहातून त्याच्या नावाचा पुकारा होतो. नटचित्रे घेणाऱ्या गिऱ्हाइकाला नेमका हाच क्षण हवा असे. तरुण शुन्रो यांनी अशी चित्रे वर्षानुवर्षे काढली. ती नीटनेटकी आहेत, पण गुरूच्या वळणाबाहेर फारशी जात नाहीत. मिए हा आधीच चित्रासारखा घडवलेला पवित्रा असतो. चित्रकाराने तो उतरवून घ्यायचा एवढेच. बाजारात घसरून पडणाऱ्या माणसाला असा कोणी थांबवून धरत नाही, आणि पुढे होकुसाई यांना ओढ लागली ती याच माणसाची.

शुन्शो यांच्या निधनानंतर, इ.स. १७९३ च्या सुमारास, ते या चित्रशाळेतून बाहेर पडले. इतर घराण्यांची शैली शिकल्यामुळे त्यांना काढून टाकले, असे सांगितले जाते. त्यांनी एका चित्रविक्रेत्यासाठी रंगवलेली दुकानाची पाटी शुन्को या ज्येष्ठ गुरुबंधूने त्यांच्यादेखत फाडली होती. त्या अपमानामुळेच आपण हात सुधारला, असे होकुसाई पुढे सांगत, अशी नोंद त्यांच्या चरित्रात आहे.

== नावे आणि बिऱ्हाडे ==

त्यानंतर काही वर्षे ते सोरी या नावाने काम करीत होते. इ.स. १७९८ मध्ये ते नाव त्यांनी एका शिष्याला देऊन टाकले आणि 'होकुसाई' हे नाव घेतले. त्याचा अर्थ उत्तरेकडील चित्रशाळा असा असून त्याचा संबंध ध्रुवताऱ्याच्या उपासनेशी आहे. आयुष्यभरात त्यांनी तीसहून अधिक नावे वापरली, आणि ९३ वेळा घर बदलले असे म्हणतात. कागद, राख आणि उष्ट्या भांड्यांचा पसारा असह्य झाला की तो आवरण्यापेक्षा ते बिऱ्हाडच हलवीत.

== कादंबऱ्यांची चित्रे ==

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी क्योकुतेई बाकिन या लोकप्रिय कादंबरीकाराच्या ग्रंथांसाठी त्यांनी चित्रे काढली. त्यांपैकी 'चिनसेत्सु युमिहारिझुकी' (१८०७–११) ही मिनामोतो नो तामेतोमो या धनुर्धराची साहसकथा विशेष गाजली. येथे नटांचा ठरीव पवित्रा उपयोगाचा नव्हता. वादळात बुडणारी नौका, अंगावर झेपावणारे श्वापद, ओढलेले धनुष्य हे कोणी रंगमंचावर थांबवून दाखवलेले नव्हते. ते मनातून काढावे लागे आणि तरी वाचकाला पटावे लागे.

बाकिन स्वतः कच्चे आराखडे करून चित्रकाराकडे पाठवीत. होकुसाई ते क्वचितच पाळीत. एखादी व्यक्ती चित्रात उजवीकडे हवी असेल तर आराखड्यात ती डावीकडे दाखवावी म्हणजे काम होते, असा बाकिन यांचा अनुभव असल्याचे सांगतात. अखेर दोघांचे पटेनासे झाले.

याच काळात, इ.स. १८०४ मध्ये, एदोतील गोकोकुजी मंदिराच्या प्रांगणात त्यांनी केरसुणीएवढ्या कुंचल्याने बोधिधर्माचे प्रचंड चित्र लोकांसमोर काढले. चित्र एवढे मोठे होते की जमिनीवर उभ्या असलेल्या प्रेक्षकांना ते कशाचे आहे हे कळेना. छपरावर चढून पाहावे लागले. इ.स. १८१७ मध्ये नागोया येथेही त्यांनी असाच प्रयोग केला.

== चित्रकला शिकवणारी पुस्तके ==

पन्नाशी ओलांडल्यावर होकुसाई शिकवण्याकडे वळले. शिष्यांची संख्या वाढली होती, प्रत्येकाला नमुने काढून देणे शक्य नव्हते आणि पैशांची गरजही होतीच.

इ.स. १८१२ मध्ये 'र्याकुगा हायाओशिए' या झटपट रेखाटन शिकवणाऱ्या पुस्तकाचा पहिला भाग निघाला. प्रत्येक आकार वर्तुळ आणि चौकोन यांतून उभा राहतो, हे त्याचे सूत्र. पक्षी, प्राणी, माणूस यांच्या पूर्ण चित्राजवळ त्याचा सांगाडा कंपास आणि पट्टीने आखून दाखवला आहे. चेहरा, कपडे, बोटे यांत न अडकता आधी संपूर्ण देहाचा कल पकडावा, तो कोणत्या कमानीवर तोललेला आहे हे पाहावे, हा त्यातला खरा धडा. दुसऱ्या भागात जपानी अक्षरांच्या वळणांतून माणसांच्या आकृती घडवल्या आहेत. ज्याला लिहिता येते त्याच्या मनगटात चित्राची निम्मी तयारी आधीच असते, हे त्यामागचे धोरण असावे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सामान्य दुकानदाराला किंवा सुताराच्या मुलाला गुरूच्या दारात न जाता हे मिळत होते, ही गोष्ट लहान नाही.

इ.स. १८१५ मधील 'ओदोरी हितोरी गेइको' हे पुस्तक याहून वेगळे आहे. नावाचा अर्थ घरच्या घरी नृत्याचा अभ्यास. त्यात लोकप्रिय नृत्ये क्रमाक्रमाने काढलेल्या लहानलहान आकृतींतून शिकवली असून दुष्ट आत्म्याचा सोंगी नाचही त्यांत आहे. गाण्याच्या शब्दांसोबत आकृती येतात आणि हात किंवा पाय कोणत्या दिशेने, केवढ्या कमानीत फिरवायचा हे रेषांनी दाखवलेले आहे. पुस्तक नाच शिकू इच्छिणाऱ्यांसाठी होते, चित्रकारांसाठी नव्हे. तरीही होकुसाई यांच्या पवित्र्यांमागील रहस्य समजून घ्यायचे तर याच पुस्तकाकडे जावे लागते. हात वर गेलेला दाखवायचा तर तो कोठून निघाला आणि पुढे कोठे पडणार हे काढणाऱ्याला ठाऊक पाहिजे. त्यांच्या इतर चित्रांतील एकाकी आकृतीसुद्धा अशा मालिकेतून उचललेली वाटते. तिच्या आधीची आणि नंतरची आकृती पाहणारा मनात पुरी करतो.

== होकुसाई मांगा ==

इ.स. १८१२ च्या शरद ऋतूत ते नागोया येथे माकी बोकुसेन या आपल्या सामुराई शिष्याच्या घरी राहिले होते. तेथे त्यांनी तीनशेहून अधिक रेखाटने केली. एइराकुया तोशिरो या स्थानिक प्रकाशकाने ती इ.स. १८१४ मध्ये 'होकुसाई मांगा' या नावाने छापली. एका पुस्तकाचा बेत होता, पण मागणी एवढी वाढली की एकूण १५ खंड झाले. शेवटचे खंड त्यांच्या मृत्यूनंतर आले आणि पंधरावा तर इ.स. १८७८ मध्ये. सर्व मिळून चित्रांची संख्या चार हजारांच्या आसपास जाते. येथे 'मांगा' या शब्दाचा अर्थ मनाला येईल तशी काढलेली चित्रे एवढाच आहे. आजच्या जपानी चित्रकथांशी त्याचे नाव जुळते, पण यात कथा नाही.

पुस्तके लहान आकाराची असून काळी शाई, राखाडी छटा आणि फिकट गुलाबी रंग एवढ्यावरच छापलेली आहेत. पानावर माणसे विखुरलेली असतात आणि त्यांच्यामागे बहुधा जमीन, भिंत, आभाळ काहीच नसते. त्यामुळे माणूस जमिनीवर उभा आहे हे त्याच्या पायांनीच सिद्ध करावे लागते. भार एका पायावर आला की त्या बाजूचे कंबरेचे हाड वर चढते, खांदा उलट दिशेने खाली येतो, मान पुन्हा तोल सावरते. होकुसाई यांच्या हमालांत, कोळ्यांत, धोबिणींत हा हिशेब कधी चुकत नाही. कपड्याची घडीसुद्धा शोभेसाठी येत नाही. कापड जेथे ताणले गेले तेथे रेषा सरळ, जेथे सैल पडले तेथे ती घुटमळते. झग्याआड न दिसणारा गुडघा अशा रीतीने समजतो.

तिसऱ्या खंडातील चिमण्यांच्या नाचाचे पान अभ्यासकांनी वारंवार चर्चिले आहे. मोठ्या टोप्या घातलेले पुरुष पानभर नाचत आहेत. टोप्यांमुळे बहुतेकांचे चेहरे झाकलेले, म्हणजे भाव दाखवण्याचा सोपा मार्ग चित्रकाराने स्वतःच बंद केला आहे. कोणी पाठमोरा, कोणी बाजूने, कोणी उडी घेण्याच्या बेतात. तरीही प्रत्येकाचा स्वभाव वेगळा जाणवतो. सहाव्या खंडात धनुर्विद्या, घोडेस्वारी, भाला, बंदूक आणि झटापटीचे डाव आहेत. आठव्या खंडात एका पानावर लठ्ठ माणसे आणि दुसऱ्यावर हडकुळी माणसे आपापली नित्याची कामे करताना दिसतात. तीच हालचाल दोन देहांत किती निराळी होते, हे त्यातून कळते. विनोद आहे, पण तो शरीराच्या जाणकारीतून आलेला आहे.

अर्थात ही चित्रे म्हणजे जसेच्या तसे निरीक्षण नव्हे. होकुसाई पाठ जितकी वाकते त्याहून थोडी अधिक वाकवतात, बोटे अधिक फाकवतात. नटचित्रांच्या काळातील ही सवय त्यांनी टाकून दिली नाही, तिला साध्या माणसांच्या कामाला लावले. स्त्रियांच्या चित्रांत मात्र प्रचलित सडपातळ, लांबट नमुन्याचा पगडा बराच काळ दिसतो आणि तेथे देहाचा भार तितकासा पटत नाही.

== हाडे आणि सांधे ==

इजिमा क्योशिन यांनी इ.स. १८९३ मध्ये होकुसाई यांना ओळखणाऱ्यांच्या आठवणी जमवून त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. हाडांची रचना समजल्याशिवाय माणूस खरा काढता येत नाही असे वाटून होकुसाई हाडे बसवणाऱ्या एका वैद्याकडे शिकायला गेले, अशी नोंद त्यात आहे. एदोमध्ये इ.स. १७७४ मध्येच डच शरीररचनाशास्त्राच्या ग्रंथाचे जपानी भाषांतर छापले गेले होते, पण ते वैद्यांसाठी होते. निखळलेला खांदा सांध्यात परत बसवणाऱ्याच्या हाताला जे कळते ते चित्रकाराच्या अधिक उपयोगाचे असते.

== संकटे ==

साठीनंतरची वर्षे कष्टाची गेली. अर्धांगाचा झटका आला, त्यातून ते सावरले. इ.स. १८२८ मध्ये दुसऱ्या पत्नीचे निधन झाले. जुगारी नातवाची देणी फेडता फेडता घर रिकामे झाले. 'फुजी पर्वताची छत्तीस दृश्ये' ही विख्यात मालिका याच दारिद्र्यात, इ.स. १८३० पासूनच्या काही वर्षांत निघाली. मागणीमुळे तिची चित्रे ४६ पर्यंत गेली. निसर्गचित्रे म्हणून ती प्रसिद्ध असली तरी पिंपाच्या वर्तुळात वाकून रंधा मारणारा कारागीर किंवा वाऱ्यात कागद उडून गेलेले वाटसरू पाहिले म्हणजे मांगाचीच माणसे तेथे आलेली ओळखू येतात.

इ.स. १८३४ मध्ये 'फुजीची शंभर दृश्ये' या ग्रंथाच्या अखेरीस त्यांनी स्वतःविषयी लिहिले. सत्तरीपूर्वी काढलेले काहीच जमेस धरण्याजोगे नाही, त्र्याहत्तराव्या वर्षी पशुपक्ष्यांची घडण थोडी उमगली आणि शंभरी ओलांडल्यावर आपला एकेक ठिपका जिवंत होईल, असा त्याचा आशय आहे. त्यानंतर ते 'चित्रवेडा म्हातारा' अशा अर्थाची सही करू लागले.

त्याच सुमारास ते एदो सोडून उरागा येथे वेगळ्या नावाने राहिले. तेथून प्रकाशकांना लिहिलेल्या पत्रांत ते एगावा तोमेकिची याच कोरक्याचा आग्रह धरतात. आपण न काढलेली खालची पापणी कोरक्यांनी घालू नये आणि नाके दुसऱ्या घराण्याच्या वळणाची करू नयेत, अशी त्यांची तक्रार होती. शेजारी नाकांचे नमुनेही त्यांनी काढून दाखवले. ज्याने स्वतः तरुणपणी फळ्या कोरल्या, त्याला केसभर फरकाने चेहरा कसा बदलतो हे सांगावे लागत नव्हते.

तेन्पो दुष्काळाच्या काळात (१८३३–३७) हाताने काढलेल्या चित्रवह्या विकून त्यांनी दिवस काढले. इ.स. १८३९ मध्ये बिऱ्हाडाला आग लागली आणि आयुष्यभर जमवलेली रेखाटने जळून गेली. ते आणि त्यांची मुलगी कुंचले घेऊन बाहेर पडले. वय ऐंशीच्या घरात होते.

== रोजचा एक सिंह ==

आगीनंतर तीन वर्षांनी, इ.स. १८४२ च्या अखेरीपासून, त्यांनी रोज सकाळी एक सिंह किंवा सिंहाचे सोंग घेतलेला नर्तक काढण्याचा नेम धरला. अरिष्ट टळावे म्हणून हा नेम होता आणि चित्र झाले की ते चुरगाळून घराबाहेर टाकीत, असे सांगतात. त्यांतील दोनशेहून अधिक चित्रे टिकली व आज क्यूशू राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. सिंह धावतो, मागे वळून पाहतो, झोपतो, बिथरतो. पवित्रा पुन्हा येत नाही. फुजीच्या रंगीत ठशांइतकी ही चित्रे देखणी नाहीत. घाईची, शाईच्या चार फटकाऱ्यांची आहेत. परंतु जळून गेलेला साठा या म्हाताऱ्याच्या हातात शाबूत होता, हे त्यांतून दिसते.

मुलगी ओई स्वतः उत्तम चित्रकार होती. लग्न मोडल्यावर ती वडिलांकडे परतली आणि अखेरपर्यंत त्यांच्यासोबत राहिली. एकदा एका शिष्याने आपला कुंचला मनासारखा चालत नाही अशी खंत तिच्याजवळ व्यक्त केली. तेव्हा तिने हसून सांगितले की लहानपणापासून ऐंशीपर्यंत एकही दिवस न चुकवता काढत आलेले आपले वडील परवाच हाताची घडी घालून रडत होते, कारण त्यांना साधे मांजर जमत नव्हते. हा प्रसंगही इजिमा यांच्या चरित्रात आहे.

== अखेर ==

ऐंशीनंतर ताकाई कोझान या श्रीमंत शिष्याच्या निमंत्रणावरून ते शिनानो प्रांतातील ओबुसे या गावी अनेकदा गेले. उत्सवाच्या रथांच्या छतांवर त्यांनी तेथे ड्रॅगन, फिनिक्स आणि उसळत्या लाटा रंगवल्या. गान्शोइन मंदिराच्या छतावरील प्रचंड फिनिक्सही त्यांच्याच नावे आहे. इ.स. १८४८ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, रंग कसे वापरावेत हे शिकवणारे 'एहोन साइशिकीत्सू' हे पुस्तक त्यांनी काढले. पुढच्या वसंतात असाकुसा येथील बिऱ्हाडात त्यांचे निधन झाले. आणखी दहा, निदान पाच वर्षे मिळती तर खरा चित्रकार झालो असतो, अशी हळहळ त्यांनी शेवटी व्यक्त केल्याचे नोंदलेले आहे. असाकुसामधील सेइक्योजी मंदिरात त्यांची समाधी आहे.

== युरोपातील प्रभाव ==

फेलिक्स ब्राकमाँ या फ्रेंच चित्रकाराला इ.स. १८५६ मध्ये पॅरिसमधील एका मुद्रकाकडे 'मांगा'चा एक खंड दिसला आणि तेथून युरोपला होकुसाई कळले, ही कथा लोकप्रिय आहे. परंतु फिलिप फ्रांझ फॉन सीबोल्ड या जपानमध्ये राहिलेल्या वैद्याने आपल्या 'निप्पोन' या ग्रंथात त्याआधी दोन दशकांपूर्वीच 'मांगा'तील चित्रांवरून केलेली चित्रे छापली होती. चित्रकारांचे लक्ष मात्र पॅरिसनंतरच गेले. एदगार देगा यांच्या नर्तिका आणि अंघोळ करणाऱ्या स्त्रिया पाहताना अभ्यासकांना 'मांगा'तील सुमो पहिलवानांची आठवण येते. कंबरेवर हात ठेवून विसावलेली, पाठ खाजवणारी, कोणी पाहत नाही असे समजून वावरणारी माणसे दोघांकडेही आहेत. एदमाँ द गोंकूर यांनी इ.स. १८९६ मध्ये होकुसाई यांच्यावर फ्रेंच भाषेत ग्रंथ लिहिला.

इ.स. २०१६ मध्ये टोकियोतील सुमिदा भागात, त्यांच्या जन्मस्थानाजवळ, त्यांच्या नावाचे संग्रहालय सुरू झाले. उतारवयातील त्यांच्या खोलीची प्रतिकृती तेथे पाहायला मिळते. एका शिष्याने आठवणीतून काढलेल्या रेखाटनावरून ती केली आहे : अंगावर गोधडी ओढून, जमिनीवर वाकून म्हातारा चित्र काढतो आहे आणि ओई शेजारी बसून त्याच्या हाताकडे पाहते आहे.